"नीट पाहिलं नाही" असं म्हणता आलं पाहिजे

शोध आणि बचाव पथकाचा विषय निघाला की लोक दोर, ड्रोन, स्ट्रेचर यांच्याबद्दल विचारतात. सामान लागतंच. पण टीम किती चांगली आहे हे कळतं ते शोधून परत आलेला माणूस बेसवर काय सांगतो आणि ऐकणारा त्याचं काय करतो, यावरून.

रांग धरून झाडीतून शोध चाललाय असं समजा. अंधारून आलंय, पाय भरलेत आणि वाटेत काटेरी जाळी. आत शिरलं तर अंग सोलवटणार. मग बाहेरूनच बॅटरी मारायची, हाक द्यायची, कान देऊन थांबायचं आणि पुढे सरकायचं. हे कुठल्याही पथकात होतं, त्याचं मला काही वाटत नाही. पुढे बेसवर कुणीतरी विचारतं, "तुमचा पट्टा झाला का?" "हो, झाला" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. "झाला, पण ओढ्यालगतची जाळी आतून पाहिली नाही" हे म्हणायला धीर लागतो. तो धीर टीमने द्यायचा असतो.

कारण नकाशावर पट्टा 'शोधून झाला' म्हणून रंगवला की तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्या हुडकण्याचं गणित मांडलं, तेच पुढे हरवलेल्या माणसांच्या शोधात आलं. एखाद्या पट्ट्यात माणूस असण्याची शक्यता ४० टक्के धरली आणि तो तिथे असता तर ८० टक्के सापडलाच असता इतका बारीक शोध झाला, तरी त्या ४० मधले ८ उरतात. शोध निम्माच झाला असेल तर २० उरतात. हा फरक फक्त चालून आलेल्या माणसाला माहीत असतो. तो संकोचाने गप्प राहिला तर पुढचं सगळं नियोजन खोट्या आकड्यावर उभं राहतं, आणि कुणीतरी त्या जाळीत पडून असू शकतं.

म्हणून लीडरने "झालं का?" विचारूच नये. "काय राहिलं?" विचारावं. आधी नव्यांना बोलू द्यावं, जुन्यांनी शेवटी बोलावं. एकदा सिनियरने मत दिलं की नवखा मान डोलावतो, मग त्याने डोळ्यांनी काहीही पाहिलेलं असो. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धाव घेतलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, अशी शंका काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली आणि विषय तिथेच संपला. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी हाताखालच्यांनी कसं बोलावं आणि कॅप्टनने कसं ऐकावं, हे शिकवायला घेतलं. आपल्या पथकांत मात्र गाठी मारण्याचा सराव होतो, ऐकण्याचा होत नाही.

"आज मला जमणार नाही, मी बेसवर थांबतो" म्हणणाऱ्याकडे कसं पाहिलं जातं, तेही यातच आलं.

माझं सगळ्या पथकांना मनापासून सांगणं आहे. पुढच्या सरावात झाडीत काही वस्तू लपवा. किती, ते कुणाला सांगू नका. शोध संपला की प्रत्येकाला विचारा, तुझ्या पट्ट्यातलं किती टक्के सापडलं असेल? मग खरी मोजणी करा. आणि त्या दिवशी सगळ्यात जुन्या माणसानेही रांगेत उभं राहून आपला अंदाज चारचौघांत सांगावा, चुकला तरी.