इथे नको, पुढे मस्त मिळतं

मुंबईच्या आसपासच्या हायवेवरची बहुतेक सगळी चांगली हॉटेलं मला माहीत आहेत. बाहेरून. पाटी कोणत्या रंगाची, पार्किंगला सावली आहे का, दारात बेसिन आहे की नुसता पिंप आणि पाण्याचा मग, गल्ल्यावरचे काका खुश दिसतायत की वैतागलेले, एवढं सगळं चालत्या गाडीच्या खिडकीतून टिपायची सवय झालीये आता. आतली चव मात्र आमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना विचारा, कारण ते थांबतात.

याला कारण आमचे जिजू. माणूस लाखमोलाचा आहे हे आधीच सांगते, नाहीतर ताई हे वाचून फोन करेल. रात्री दोन वाजता हॉस्पिटलला पळायचं असो की कोणाचा फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवायचा असो, जिजू हजर. गाडीही अशी सुरेख चालवतात की घाटात आईच्या मांडीवरचा डबा हलत नाही. पण जेवायला थांबायचा विषय निघाला की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "इथे नको, पुढे मस्त मिळतं."

आणि यावर कोणी काही बोलू शकत नाही. आई बोलू शकत नाही कारण ते जावई. माझा नवरा बोलू शकत नाही कारण तो धाकटा जावई, त्यामुळे मुलुंडचा टोलनाका मागे पडला की तो डोळे मिटून घेतो ते थेट मुक्कामाला उघडतो. ताई पुढच्या सीटवर बसून मोबाईलमध्ये रेटिंग बघून मोठ्याने वाचते, "अहो इथे चार पॉइंट दोन आहे", की जिजू म्हणणार पुढे चार पॉइंट चारवालं आहे, आणि ते आलं की म्हणणार, गर्दी बघ किती, एवढ्या गर्दीत काय धड मिळणार. गर्दी नसलेलं आलं तर, कोणीच नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार. आता याच्या मधलं हॉटेल कुठून आणायचं? राहिला भाचा, तो बोलतो, पण त्याला घाटात उलटी होते म्हणून त्याच्या खाण्याबद्दलच्या मताला गाडीत किंमत नाही.

मुंबई-पुणे एक्सप्रेस वे बांधणाऱ्यांनी तो जिजूंना विचारूनच बांधला असणार. २००२ साली पूर्ण सुरू झाला, साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, आणि मधे कुठे टपरी नाही, नाका नाही, "भाऊ जरा बाजूला घ्या" म्हणायची सोय नाही. कळंबोलीला मी क्षीण आवाजात म्हणते की इथेच काहीतरी खाऊन घेऊया का, तर म्हणतात, फूड मॉल आहे ना पुढे. खालापूरला फूड मॉल येतो, तिथे लक्झरी बसेसची ही रांग, प्रत्येक बसमधून उतरलेली माणसं एकाच दिशेला पळतायत, वड्याच्या काउंटरला कूपन घ्यायला वेगळी लाइन आणि वडा घ्यायला वेगळी. जिजू पार्किंगमध्ये एक चक्कर मारतात, लग्नाच्या हॉलमध्ये चुकून शिरल्यासारखा चेहरा करतात आणि गाडी परत रस्त्यावर. "लोणावळ्याला मस्त मिळेल." लोणावळा आलं की म्हणणार आता एक्झिट घेऊन आत शिरायचं, चिक्कीवाल्यांच्या गर्दीत अडकायचं, त्यापेक्षा पुणं आलंच की. आणि पुण्यात दुपारी दोन वाजता पोचल्यावर काय होतं ते मी लिहायला नको, पुणेकरांचेच मेसेज येतील.

मधे घाटात अमृतांजन पूल लागायचा. इंग्रजांच्या काळातला, १८३० चा, त्यावर अमृतांजन बामची जाहिरात असायची म्हणून लोकांनी त्याचं नाव तेच पाडलं. ज्याने कोणी डोकेदुखीच्या बामची जाहिरात नेमकी ट्रॅफिक जॅम होणाऱ्या जागेवर लावली त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना पूल स्फोट करून पाडला. आता तिथे नुसतं आकाश आहे, तरी आई त्या जागी न चुकता म्हणते "अमृतांजन आलं" आणि पर्समधून खरोखरची बाटली काढून कपाळाला लावते. पोटात काही नसलं की डोकं चढतं हो तिचं, पण हे जावयाला कसं सांगणार.

एकदा एक्सप्रेस वेला जॅम होता म्हणून जिजूंनी गाडी जुन्या रस्त्याने घेतली. मला मनातून उकळ्या फुटल्या कारण खोपोलीला रमाकांतचा वडा. आला, दिसला, कढईतून झाऱ्याने वडे वर काढताना तेल निथळत होतं ते मी काचेला नाक लावून बघितलं, आणि गेला. (गर्दी होती म्हणे.) मग वर घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागलं. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची गोष्ट सांगतात, ड्रायव्हर लोक जाताजाता तिथे नाणं टाकतात. आईनेही काच खाली करून टाकलं आणि हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. सुखरूप प्रवासासाठी इतका वेळ लागत नाही. पण शिंग्रोबा रस्ता दाखवणारा देव आहे, कुठे थांबायचं ते दाखवणारा वेगळा असावा आणि त्याचं देऊळ आम्हाला अजून लागलं नाहीये.

गोवा हायवेची तऱ्हा वेगळी. तिथे हॉटेलांना तोटा नाही. पळस्प्यापासून सुरू होतात ती संपतच नाहीत, आणि अर्ध्या पाट्यांवर "आमची कुठेही शाखा नाही" असं ठणकावून लिहिलेलं. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका डावीकडे दिसायला लागला की जिजूंचं पक्ष्यांच्या अभयारण्याबद्दलचं भाषण सुरू होतं, भाषण संपतं तोवर तीन मिसळवाले गेलेले असतात. पेणला रस्त्याच्या कडेला गणपतीच्या कारखान्यांमध्ये रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने वाळत ठेवलेले, डोळे अजून आखायचे राहिलेले. शेजारी पोह्याचे पापड, मिरगुंड, कुरडया, पिशव्यांवर पिशव्या लटकवलेल्या. बघूनच तोंडाला पाणी सुटतं, पण मिरगुंड तळल्याशिवाय खाता येत नाही, त्यामुळे ते विकत घ्यायला मात्र जिजू थांबतात! कच्चं काहीही घ्यायला थांबतात ते. कांदे, पापड, कोकम, आमसुलं, एकदा तर फणस घेतला होता अख्खा, तो माझ्या पायाशी ठेवला आणि संपूर्ण प्रवासात मी त्याला मिठी मारून बसले होते. शिजवलेलं मात्र पुढे.

आता आईचा डबा. स्टीलचा, कडीवाला, त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. आई तो प्रत्येक वेळी आणते आणि जिजू प्रत्येक वेळी म्हणतात, "आई, आत्ता नका काढू, भूक मरेल, पुढे गरम गरम खाऊ." त्यामुळे मागच्या सीटवर आमचं गुप्त खातं चालतं. आई ओढणीखाली डबा घेते (माझी ओढणी, तिची साडी असते), झाकण उघडताना कडी टण्ण वाजते म्हणून आधी ती खोकते, मी मोठ्याने विचारते "जिजू, हा कुठला डोंगर हो?" आणि तेवढ्यात पुरीचे चार तुकडे होतात. नवरा झोपेतच तोंड उघडतो. भाच्याला चावताना आवाज करायचा नाही हे शिकवायला वेळ लागला, पण आता तो तयार झालाय. पुरीला ओवा आणि तीळ असतात, तीळ सीटवर सांडतात, आणि दर महिन्याला गाडी धुतली की जिजू ताईला म्हणतात, हे मागे तीळ कुठून येतात कळत नाही.

पण एक सांगते, जिजूंना आजवर हरवलंय ते फक्त ट्रॅफिकने. मे महिना, लाँग वीकेंड, वडखळच्या अलीकडे गाड्या ज्या थांबल्या त्या थांबल्याच. या हायवेचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालंय, त्यावर नवीन काय विनोद करणार, कोकणातल्या माणसांनी सगळे करून झालेत. तर इंजिन बंद, काचा खाली, बाहेर भट्टी. आणि गाड्यांच्या मधून एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन आल्या. ताडगोळे. जिजूंनी सवयीने तोंड उघडलं, "पुढे..." आणि समोर बघितलं. समोर ट्रक. ट्रकच्या पुढे ट्रक. पुढे काही नव्हतंच!

आम्ही दोन डझन घेतले. मावशींनी कोयत्याच्या टोकाने सोलून दिले, वरची ती पातळ पिवळट साल मात्र आपली आपण काढायची, ती नखाला चिकटते आणि निघता निघत नाही. मग आतला लुसलुशीत पांढरा गर, हाताला थंड लागतो. अख्खा तोंडात टाकायचा असतो. जिजूंना माहीत नव्हतं, ते एवढी वर्षं पुढे जात होते ना. त्यांनी दाताने अर्धा चावला आणि आतलं पाणी पिचकारीसारखं उडालं ते शर्टवर, स्टिअरिंगवर आणि ताईच्या मोबाईलवर, जिथे पुढच्या हॉटेलचं रेटिंग उघडं होतं. दीड तास होतो तिथे. नंतर काकड्या आल्या मीठ-तिखट लावून, मग खारे दाणे, मग पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, मग कोणीतरी कोकम सरबत घेऊन आलं. इतकं पोटभर आम्ही जिजूंच्या गाडीत कधीच खाल्लं नव्हतं. ट्रॅफिक सुटला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाईट वाटलेलं दिसलं मला.

रात्रीचं बाहेर जाणं म्हणजे तर वेगळंच प्रकरण. मुलुंडहून "चला टाऊनला आईस्क्रीम खाऊ" असं साडेनऊला ठरतं आणि साडेदहाला ताई तयार होते. ईस्टर्न फ्री वे वरून चेंबूरच्या रिफायनरीचे दिवे बघत, बंदराच्या क्रेन बघत गाडी मस्त सुटते, सगळे खुश. चर्चगेटला के. रुस्तमचं आईस्क्रीम, दोन पातळ वेफर बिस्किटांच्या मधे ठेवलेली वडी, ती वितळायच्या आत चारी बाजूंनी चाटत खायची असते. आम्ही पोचेपर्यंत शटर खाली. हरकत नाही, पुढे चौपाटीवर कुल्फी. चौपाटीला पार्किंग नाही. हरकत नाही, पुढे ताडदेवला सरदारची पावभाजी, तिथल्या भाजीवर लोण्याचा जो तुकडा ठेवतात त्याकडे बघूनच डॉक्टरांची आठवण येते. तिथे बाहेर एवढी माणसं उभी की जिजूंनी ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. मग मरीन ड्राइव्हला परत एक फेरी, क्वीन्स नेकलेस बघून पोट भरत असतं तर काय हवं होतं. सायनला गाडी थांबली तेव्हा मला वाटलं समोसा, पण तो सिग्नल होता.

शेवटी आम्ही कुठे जेवलो? आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर जी भुर्जीपावची गाडी लागते तिथे. रात्री पाऊण वाजता, घरापासून चालत दोन मिनिटांवर. उलथन्याचा तव्यावर खडखडाट, हिरव्या मिरचीचा ठसका, लोण्यात दाबलेला पाव, कागदाच्या प्लेटखाली हात भाजतोय तरी कोणी प्लेट खाली ठेवायला तयार नाही. भुर्जीवाला मला ओळखतो. त्याने विचारलं, "ताई, आज एवढे तयार होऊन?" काय सांगणार. जिजू मात्र तिसरा पाव पुसून घेत म्हणाले, बघा, म्हटलं होतं ना पुढे मस्त मिळतं.

रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत नेलं होतं त्यांनी, तिथे गाडी नव्हती, पायी होतो, म्हणून मी निर्धास्त. एकेका कढईत मालपुवा फुगतोय, फिरनीच्या मातीच्या वाट्या रचलेल्या, सळयांवरून धूर. "पहिल्याच दुकानात कोण खातं?" म्हणत जिजू पुढे, आम्ही मागे, आमच्या मागे अर्धी मुंबई, आणि एकदम समोर मोठा रस्ता आणि बेस्टची बस. गल्ली संपली होती. परत उलटं शिरायला त्या गर्दीत कोणाची बिशाद?

आणि मग गेल्या हिवाळ्यातला अटल सेतू. दादरला मामांकडे साखरपुडा होता, तिथून आम्ही परस्पर अलिबागला जाणार होतो. जेवणाची पानं मांडली तर जिजू म्हणाले मी नाही जेवत, पुढे अलिबागला सुरमई खायचीय. आम्ही बाकीचे शहाणे झालोय आता, आम्ही मसालेभात दोनदा घेतला आणि जिलब्या मोजल्या नाहीत. शिवडीवरून सेतूवर चढलो. एकवीस पूर्णांक आठ किलोमीटर, बहुतेक समुद्रावर, थांबायला सक्त मनाई. २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा लोक सेल्फीला थांबायचे आणि दंड भरायचे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला आडोसा लावलाय, तिथे तर समुद्रही नीट दिसत नाही, नुसता सरळ रस्ता. ना पाटी, ना धाबा, ना टपरी. आणि बरोबर मध्यावर जिजूंचा आवाज बारीक झाला. "काही खायला आहे का गं?"

गाडीत शांतता. नवऱ्याने एक डोळा उघडला. ताईने आरशातून मागे बघितलं. आईने मांडीवरच्या डब्यावर हात ठेवला, आणि इतकी वर्षं जावयापुढे ब्र न काढलेली आमची आई अगदी प्रेमाने म्हणाली, "आहे ना जावईबापू, पण चालत्या गाडीत नको. पुढे चिर्ल्याला उतरलं की देते हं."

चिर्ल्याला उतरल्यावर दिल्या, अकरा पुऱ्या खाल्ल्या त्यांनी लोणच्याबरोबर, आणि हात पुसताना म्हणाले, आई, या पुऱ्यांमध्ये तीळ असतात होय?

आता पावसाळा लागलाय तर माळशेजचं चाललंय. धबधबे, धुकं, कणीस, कांदाभजी वगैरे सगळं जिजूंनी ग्रुपवर टाकलंय फोटोसकट. त्याखाली ताईचा मेसेज आहे, सकाळी सहाला निघू, सगळ्यांनी घरून खाऊन या.