एका ठेक्यात बोसा नोव्हाचं पुस्तक होत नाही

गिटार शिकवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: ब्राझिलियन जॅझ (म्हणजे मुख्यतः बोसा नोव्हा) आणि स्पिरिच्युअल्स (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची पारंपरिक भक्तिगीतं) यांचं शिकवणीचं पुस्तक काढणं सगळ्यात सोपं. बोसा नोव्हाचा ठेका एकच, तो एकदा छापायचा. पुढे कॉर्डच्या चौकटी आणि टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट ते आकड्यांनी दाखवणारी लिपी). स्पिरिच्युअल्स तर पारंपरिकच, त्यांना ना कॉपीराइट ना अवघड कॉर्ड. यातलं एकेक विधान तपासून पाहू.

"ठेका एकच." आधी तो ठेकाच मांडू. दोन-दोन मात्रांचे दोन बार (तालाचे खंड) घ्या आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग करा. एकूण १६ घरं झाली. अंगठा १, ५, ९, १३ वर बास वाजवतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मिळून कॉर्ड ओढतात १, ४, ७, ११ आणि १४ वर. क्युबाच्या 'सोन' संगीतातल्या क्लावे या पाच ठोक्यांच्या आराखड्यात शेवटचा ठोका १३ वर, अंगठ्याच्या जोडीनं पडतो. इथे तो एक घर पुढे सरकतो आणि सगळी गंमत त्या एका घरात आहे. पुस्तकं हा आराखडा 'बोसा क्लावे' म्हणून छापतात आणि तिथेच थांबतात. बोसा नोव्हा घडवणारा गायक-गिटारवादक जुआंव जिलबेर्तो मात्र गाण्याच्या ओळीप्रमाणे ठोके गाळतो, सरकवतो. त्याची बोटं सांबातल्या टॅम्बोरिम या छोट्या हातढोलाचं काम करतात, अंगठा सुर्दो या मोठ्या ढोलाचं. सुर्दोचा भार दुसऱ्या मात्रेवर असतो, म्हणून ५ आणि १३ वरचा बास किंचित जड हवा. पुस्तकात निदान चार रूपं द्यावीत: मूळ, बार अदलाबदल केलेलं (३, ६, ९, १२, १५), विरळ, आणि कॉर्ड १६ व्या घरावर आगाऊ घेणारं.

हे चौथं रूपच विद्यार्थ्याला नडतं. बोटं नवी कॉर्ड १६ वर घेतात, ती समेपलीकडे वाजत राहते आणि नवा बास मात्र समेवरच येतो. शिकणाऱ्याचा अंगठा बोटांच्या मागे ओढला जातो, १६ वर पडतो आणि ताल लंगडतो. उपाय असा: आधी नुसता अंगठा, मेट्रोनोम मिनिटाला ५० मात्रांवर, मग १६ वर एकच बोट, मग तिन्ही.

"टॅब पुरेसा आहे." वरच्याच जागी बघा काय होतं. साध्या टॅबमध्ये १६ वर तीन आकडे दिसतात, समेवर एक. कॉर्ड धरून ठेवायची आहे हे कुठेच दिसत नाही, त्यामुळे डावा हात उचलला जातो. टॅबच्या वर स्टाफ (पाच रेघांची स्वरलिपी) हवाच आणि त्यात दोन आवाज वेगळे हवेत: कॉर्डच्या स्वरचिन्हांच्या दांड्या वर, बासच्या खाली. आणखी एक घोळ म्हणजे ब्राझीलमध्ये हे संगीत २/४ मध्ये लिहितात, तर अमेरिकी छपाईत बरेचदा ४/४ मध्ये. ४/४ मधला १३० चा वेग म्हणजे २/४ मधला ६५. कोणती पद्धत घेतली ते पहिल्याच पानावर सांगा.

"कॉर्डच्या चौकटी कुठूनही उचला." सहा तारांचा बारे (एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबणं) इथे चालत नाही. बास सहाव्या तारेवर, पाचवी बंद, कॉर्ड चौथी-तिसरी-दुसरीवर. जी मायनर सेव्हनला चारही तारा तिसऱ्या फ्रेटवर. जी फ्लॅट सेव्हनला सहावी, चौथी, दुसरी दुसऱ्या फ्रेटवर आणि तिसरी तार तिसऱ्यावर. एफ मेजर सेव्हनला सहावी आणि दुसरी पहिल्यावर, चौथी-तिसरी दुसऱ्यावर. हात जेमतेम हलतो, बास एकेक फ्रेट उतरत येतो. पाचवी तार कोणत्या बोटाच्या कडेनं दाबायची तेही चौकटीत लिहा, नाहीतर ती गुणगुणत राहते.

"दोन्ही जॅझच, एकाच चालीनं वाजवा." अजिबात नाही. बोसाचे बारीक भाग सरळ, समान असतात. त्यांना स्विंग दिला, म्हणजे ते लांब-आखूड वाजवले, की सगळं बिघडतं. स्पिरिच्युअलच्या जॅझ मांडणीत मात्र स्विंग चालतो. प्रत्येक रचनेच्या माथ्यावर 'सरळ' किंवा 'स्विंग' छापा.

"स्पिरिच्युअल म्हणजे तीन कॉर्ड." कॉर्ड सोप्या असतील, पट्टी निवडणं सोपं नाही. 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' भूपाच्या पाच स्वरांत बसतं (एवढ्यावरून ते भूप होत नाही). जी पट्टीत पहिलीच ओळ उघड्या चौथ्या तारेपर्यंत उतरते आणि बासवर आदळते. डीमध्ये तीच ओळ तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर थांबते. सहावी तार डीला उतरवली की खाली मोकळा बास मिळतो. पण मग जी बास पाचव्या फ्रेटवर जातो, तिसऱ्यावर राहत नाही. हे पानावर ठळक हवं.

"कॉपीराइट नाही." पारंपरिक चाल मोकळी, कुणी अलीकडे केलेली तिची मांडणी मोकळी नसते. थॉमस डॉर्सीचं 'प्रेशस लॉर्ड' १९३२ चं गॉस्पेल, म्हणजे रचनाकार माहीत असलेलं चर्चगीत आहे, तेही स्पिरिच्युअल म्हणून सर्रास छापतात. डॉर्सी १९९३ मध्ये गेले. बोसा नोव्हाचे संगीतकार तोम जोबिं १९९४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली भारतात २०५४ अखेरपर्यंत आणि ब्राझीलमध्ये २०६४ अखेरपर्यंत हक्कात आहेत. परवानगीचा खर्च झेपत नसेल तर त्या शैलीत १६-१६ बारांचे स्वतःचे सराव लिहा.