वॅट, वेग आणि खोलीतली उष्णता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्राफिक्स कार्डांच्या (संगणकात चित्रे आणि गेम रंगवणाऱ्या भागाच्या) वाढत्या वीजवापरावर टीका करणाऱ्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत : मी नुसते वॅट मोजले, दर वॅटमागे मिळणारे काम मोजले नाही, आणि ज्याला एवढी वीज नको त्याने पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी याची मर्यादा) उतरवावी किंवा लहान कार्ड घ्यावे.

पहिल्यातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. एनव्हिडिया कंपनीचे २०१६ चे जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचे होते, २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे, आणि वीज अडीचपट होताना वेग त्याहून पुष्कळ अधिक वाढला. परंतु कार्डात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते. बडोद्यात मे महिन्यात, दांडिया बाजारातल्या एखाद्या माडीवरच्या खोलीत ६५० वॅट ओढणारा संगणक चालू असेल, तर दीड टनी एसीच्या क्षमतेचा सुमारे आठवा हिस्सा त्याची उष्णता बाहेर काढण्यातच खर्च होतो. (विजेचे बिल वडील भरत असतील, तर हा मुद्दा घरात आधीच चर्चिला गेला असेल.)

पॉवर लिमिटचा आपला मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. क्लॉक (चिपच्या कामाचा ठोका) चढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते, आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. ४०९० ची मर्यादा ७० टक्क्यांवर, म्हणजे ३१५ वॅटवर, आणली तरी बहुतेक गेममध्ये वेग थोडाच घटतो. मग कंपनीने मूळ मर्यादा ४५० का ठेवली? माझ्या मते, वेगाच्या तुलनेच्या आलेखात तिच्या कार्डाची पट्टी लांब दिसावी म्हणून. मर्यादा आपण घरी उतरवली, तरी ४५० वॅटसाठी बनवलेला तीन स्लॉटचा (कॅबिनेटमधल्या तीन खाचांची जागा घेणारा) हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, तेवढाच राहतो, आणि ३०४ मिलिमीटर लांबीच्या कार्डासाठी कॅबिनेटही मोठेच घ्यावे लागते. अर्थात २०२५ च्या ५०९० चे कंपनीचे स्वतःचे कार्ड ५७५ वॅटचे असूनही दोन स्लॉटांत बसते, हे आकाराबाबत आपल्या बाजूने नोंदवायला हवे.

लहान कार्डांविषयी आपण म्हणता ते गेमपुरते खरे आहे : जीटीएक्स १०६० हे १२० वॅटचे होते, आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचे आहे. पण सयाजीराव विद्यापीठात ॲनिमेशन करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी कार्डावरची मेमरी लागते, आणि ४०६० मध्ये ती ८ जीबीच आहे. त्याच मालिकेत २४ जीबी हवी असेल तर ४०९० चे ४५० वॅटही सोबत घ्यावे लागतात. तीच कंपनी २०२३ पासून २० जीबी मेमरीचे, अवघ्या ७० वॅटचे छोटे कार्ड व्यावसायिकांना विकते, फक्त त्याची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही.