खुलासा: लिब्बीच्या खाणीतली धूळ निरुपद्रवी नव्हती

‘अमेरिकेत मोंटानातल्या लिब्बीला व्हर्मिक्युलाइट निघायचं, अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, कामगारांचे फुप्फुसविकार निव्वळ धूम्रपानामुळे,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

व्हर्मिक्युलाइट म्हणजे तापवल्यावर फुगणारं खनिज. तिथल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये विंचाइट, रिक्टेराइट आणि ट्रेमोलाइट या खनिजांचे अ‍ॅस्बेस्टॉस प्रकारचे तंतू मिसळलेले होते. नियमांत नावानिशी नोंदलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या सहा प्रकारांत यांपैकी फक्त ट्रेमोलाइट आहे. म्हणून बाकीचे सुरक्षित ठरत नाहीत! हे बारीक, न विरघळणारे तंतू खोलवर रुततात. फुप्फुसाचं आवरण जाड होतं, श्वास अपुरा पडतो, कर्करोगही होतो. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो, हे खरं. पण आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, धूम्रपानाने होत नाही.

खाण १९९० मध्ये बंद झाली. आजार मात्र कित्येक वर्षांनी उमटतो. २००९ मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.