संगणक बंद करू नका

चालू संगणक उचलून दुसऱ्या खोलीत नेला तर त्याची हार्ड डिस्क खराब होते काय, या प्रश्नावर आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत जितकी ठाम मते आहेत, तितकी नळाला पाणी कधी येणार या प्रश्नावरही नाहीत. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात ती सारी मला एकदम ऐकावी लागली. रंगाऱ्याने सर्वांत आधी निवडली ती भिंत नेमकी संगणकामागची होती, आणि संगणकाने तोच मुहूर्त साधून अपडेट सुरू केले होते व पडद्यावर 'संगणक बंद करू नका' अशी तंबी झळकवली होती. रंगारी म्हणत होता, "साहेब, भिंत मोकळी करून द्या." यंत्र म्हणत होते, बंद करू नका. हार्ड डिस्कविषयी आजवर वाचलेले सारे म्हणत होते, हलवू नका. घरात एवढ्या परस्परविरोधी आज्ञा एरवी लग्नकार्यातच सुटतात.

माझी भीती निराधार नव्हती. आमच्या संगणकात जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकड्यांची डिस्क आहे. तिच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. त्या धावत्या पृष्ठभागाला स्पर्श न करता, हवेच्या पातळ थरावर, माहिती वाचणारे हेड तरंगत असते आणि दोहोंमधले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड भरतो. यंत्राला जोराचा हिसका बसला की हेड तबकडीवर आपटते, तिच्यावरचा चुंबकीय लेप खरवडला जातो आणि भाचीच्या लग्नाचे फोटो धुळीच्या रूपाने डिस्कमध्येच राहतात.

हे मी समजावून सांगत असताना शेजारचे काका आले. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलेले असल्यामुळे हादरा या विषयावर त्यांचा अधिकार मोठा. ते म्हणाले, "आमचा माग जन्मभर हादरला, तरी चादर निघालीच की. हादरल्यावर मोडतंय ते यंत्र कसलं?" यावर मी त्यांना सांगितले की नुसत्या कंपनानेही हेड आपल्या रेषेवरून ढळते आणि हुकलेली जागा पुन्हा खाली येईपर्यंत त्याला तबकडीच्या पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. २००८ साली ब्रेंडन ग्रेग नावाच्या अभियंत्याने चालू डिस्कांच्या रांगेसमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखवले होते, आणि त्या ओरडण्याने डिस्कांचे काम मंदावल्याचे आलेखात स्पष्ट उमटले होते. काकांनी एवढेच विचारले की त्याला ओरडण्याचा पगार मिळत होता काय. आमच्या घरातला नेहमीचा बोलण्याचा आवाज लक्षात घेता आमचा संगणक इतका संथ का, याचा उलगडा मात्र मला तेव्हा झाला.

वास्तविक डिस्कचे वैर प्रवासाशी नाही, धक्क्याशी आहे. २००१ साली आलेल्या, गाणी ऐकण्याच्या पहिल्या आयपॉडमध्ये फिरती डिस्कच होती आणि लोक तो खिशात घालून धावत असत. २००३ पासून आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये असा संवेदक बसू लागला की यंत्र पडू लागल्याचे जाणवताच तो हेड बाजूला घेई. टेबलावरच्या संगणकाला असले लाड नाहीत. त्याची डिस्क चालू असताना गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ३० ते ८० पट धक्का सोसते, आणि बंद असताना, हेड तबकडीवरून बाजूला गेलेले असल्यामुळे, २५० ते ३५० पट. हे आकडे ऐकून सौभाग्यवतींना फार धीर आला, परंतु एक सेंटिमीटर उंचीवरून निसटलेला संगणकाचा खोका शहाबादी फरशीवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात थांबला, तर तेवढ्यानेच १०० पट धक्का बसतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग सरळ बंद करून टाका की." अपडेट अर्ध्यावर तोडले तर उद्या यंत्र कदाचित सुरूच होणार नाही, हे त्यांना पटले नाही, पण पडद्यावरच्या तंबीवर त्यांचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास असल्यामुळे त्या गप्प राहिल्या.

खोका सोलापुरी चादरीवर ठेवून ओढत न्यावा, अशी सूचना रंगाऱ्याने केली. सूचना स्वाभिमानाला सुखावणारी असली तरी फरशीच्या प्रत्येक सांध्यावर डिस्कला ठोका बसला असता, म्हणून मी ती नामंजूर केली. अखेरीस खोका मी उचलला, वीज तुटली तरी बॅटरीवर संगणक चालू ठेवणारा यूपीएस काकांनी आणि मॉनिटर मुलाने. यूपीएसची वायर आखूड असल्यामुळे काका आणि मी एकमेकांना चिकटून, एकाच वेळी एकच पाऊल टाकत निघालो. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज निघावा तशा सावधपणाने, कुठे वळायचे असले तर आधी थांबून. फिरती तबकडी झटक्यात वळवली तर तिच्या बेअरिंगवर ताण येतो, म्हणून मी वळणे फार रुंद घेतली आणि त्यापायी दोनदा भिंतीला खेटलो. भिंत सुदैवाने अजून रंगवलेली नव्हती. यूपीएस दर काही क्षणांनी बीप करून आपली बॅटरी संपत आल्याची आठवण देत होता, आणि सौभाग्यवती पुढे उलट्या चालत "हळू, हळू" म्हणून ओरडत होत्या, म्हणजे ब्रेंडन ग्रेगचा प्रयोगही आपोआप पार पडत होता.

खरा कस लागला तो उंबऱ्यापाशी. मी पाय उंच उचलून पार झालो, काकांना मात्र हातातल्या यूपीएसमुळे खालचे काहीच दिसत नव्हते. त्यांच्या अंगठ्याचा उंबऱ्याशी जो संयोग झाला, त्याचा आवाज बीपलाही झाकून गेला; तरीसुद्धा त्यांनी यूपीएस तसूभरही हलू दिला नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. खोका आम्ही पलंगावरच्या गादीवर अलगद टेकवला, वायर पुन्हा भिंतीतल्या सॉकेटला जोडली. डिस्कमधून खरखर किंवा टकटक असा कोणताही आवाज आला नाही, अपडेट ३० टक्क्यांवर होते आणि पुढेही बराच वेळ तेवढ्यावरच राहिले. काका खुर्चीत बसून, हळद लावलेला अंगठा पुढे धरून, चालू असताना आणि बंद असताना किती पट धक्का चालतो ते आकडे मला पुन्हा विचारू लागले. त्यांच्या अंगठ्याचा हिशेब मांडून देण्याचे धाडस मला झाले नाही.