‘एक प्रत चालते’ म्हणे!

माझी भाची पुढच्या आठवड्यात संशोधनाच्या कामासाठी परदेशी निघाली आहे. देशाचं नाव देत नाही, पुस्तकाचंही देत नाही. परवा ती बॅग भरत होती आणि मी नुसतीच शेजारी बसले होते. कपड्यांच्या घड्यांमध्ये एक जाडजूड प्रवासमार्गदर्शिका दिसली म्हणून उचलली, तर कव्हर दोन बोटं आखूड. खालून दुसऱ्याच पुस्तकाची काळी बांधणी डोकावत होती, आणि कव्हर घसरू नये म्हणून आतून चिकटपट्टी मारलेली. ती चालली आहे त्या देशात हे आतलं पुस्तक बंदीच्या यादीत आहे.

“अगं, हे काय?”

“मावशी, वैयक्तिक वाचनासाठी एक प्रत चालते. ग्रुपवर आलंय की!” असं म्हणून तिने फोनच पुढे केला.

हे ढकलपत्र तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. ‘पुस्तकप्रेमींनो, बिनधास्त प्रवास करा’ असा मथळा आणि खाली सात कलमं. युनेस्कोच्या करारामुळे वैयक्तिक वाचनासाठी कुठल्याही पुस्तकाची एक प्रत कुठल्याही देशात नेता येते. तरी धाकधूक वाटलीच तर कव्हर बदला. किंडलवर किंवा फोनमध्ये असेल तर कायद्याने ते पुस्तकच नव्हे. नुसतं विमान बदलायला उतरलात तर त्या देशाचा कायदा लागत नाही. बंदी असलेल्या पुस्तकांची यादी इंटरनेटवर मिळते, ती पाहून घ्या. पकडलं तरी पुस्तक फक्त जप्त होतं, परदेशी माणसाला अटक होत नाही, झालीच तर दूतावास सोडवतो. आणि शेवटचं, परतताना ते पुस्तक तिथल्याच कुणाला तरी भेट द्या, कारण ‘ज्ञान दिल्याने वाढते’.

आधीच सांगते, पुस्तकांवर बंदी घालणं मला मूर्खपणाचं वाटतं आणि बंदी घालणाऱ्यांची बाजू घ्यायला मी बसलेले नाही. पण हेच पत्र मला आतापर्यंत तिघांनी पाठवलंय, आणि आता ते माझ्या भाचीच्या बॅगेत चिकटपट्टीसकट पोचलंय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

युनेस्कोपासून सुरुवात करू, कारण पत्राचा सगळा रुबाब त्या नावावर आहे. करार खरा आहे, तेवढं मान्य. १९५० साली फ्लॉरेन्सला तो मंजूर झाला, १९५२ पासून अमलात आला, आणि शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक साहित्याची आयात सोपी व्हावी हा त्याचा हेतू आहे. पण त्यात सवलत आहे ती जकातीची. पुस्तकावर आयात शुल्क लावू नका, हेच तो देशांना मुख्यतः सांगतो. ‘वैयक्तिक वाचनासाठी एक प्रत’ हा शब्दप्रयोग पत्र लिहिणाऱ्याने कुठून काढला ते त्यालाच ठाऊक. उलट त्याच कराराचं पाचवं कलम स्वच्छ म्हणतं की राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा सार्वजनिक नीतिमत्ता या कारणांवरून आयात रोखण्याचा किंवा मर्यादित करण्याचा देशांचा हक्क अबाधित राहील. आयातच नव्हे, आयात झाल्यावर देशात होणारा प्रसारसुद्धा. जगातली जवळपास प्रत्येक पुस्तकबंदी या तीन कारणांपैकी एकाच्या नावाने घातलेली असते. म्हणजे ढकलपत्राने ढाल म्हणून जो कागद हातात दिला, त्याच कागदावर कस्टम अधिकाऱ्याच्या अधिकाराची कबुली आहे. हा कागद काउंटरवर फडकवणाऱ्या माणसाची मला खरंच काळजी वाटते.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १९ वं कलम ‘सीमांची पर्वा न करता’ माहिती मिळवण्याचा हक्क देतं, असा एक युक्तिवाद भाचीने केला. बरोबर आहे तिचं. पण १९४८ चा तो जाहीरनामा बॅग तपासणाऱ्याला बांधून घालत नाही. आणि ज्या कराराने तो हक्क देशांवर बंधनकारक केला, त्याच्याही १९ व्या कलमात पुढे निर्बंधांचं पोटकलम आहेच.

आता कव्हर. या एका सल्ल्यासाठी पत्र लिहिणाऱ्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेत असं वाटतं.

एरवी काय होतं ते बघा. बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे मी नाइलाजाने कबूल करते. कस्टमवाल्यांना सोनं, अमली पदार्थ, रोकड यांतून फुरसत नसते आणि पुस्तकं चाळायची हौस तर त्याहून नसते. क्वचित बॅग उघडली आणि पुस्तक ओळखलं गेलंच, तर उघड्या कव्हरचं पुस्तक बाळगणाऱ्याकडे एक सांगण्यासारखं उत्तर असतं: मला माहीत नव्हतं, घरून वाचायला घेतलं होतं, ठेवून घ्या. अधिकारी पावती फाडतो, पुस्तक जातं, माणूस सुटतो. निदान सुटण्याची शक्यता तरी असते.

तेच पुस्तक प्रवासमार्गदर्शिकेच्या कव्हरमध्ये निघालं की पहिलाच प्रश्न ‘हे झाकलं का?’ असा येतो. याला उत्तर काय? ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय तुम्ही स्वतःच्या हाताने, चिकटपट्टी लावून, बंद केलेली असते. मलेशियाचा १९८४ चा मुद्रणालये व प्रकाशने कायदा पाहा. त्याच्या आठव्या कलमात बंदी असलेलं प्रकाशन ‘कायदेशीर सबबीशिवाय’ नुसतं जवळ बाळगलं तर ५,००० रिंगिटपर्यंत दंड आहे. तेच आयात केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रिंगिटपर्यंत दंड किंवा दोन्ही. सबब हा शब्द कायद्यातच आहे, आणि बदललेलं कव्हर पहिला घाव त्या सबबीवरच घालतं. शिवाय सीमा ओलांडून येणाऱ्याच्या बॅगेतलं पुस्तक नुसतं ‘जवळ बाळगलेलं’ राहत नाही, ते ‘आणलेलं’ असतं. विसराळू वाचकाचा चोरटा आयातदार करायला दोन बोटं आखूड कव्हर पुरतं.

आणि एक्स-रेमध्ये कव्हर दिसतच नाही, दिसतो फक्त कागदाचा ठोकळा. म्हणजे बॅग उघडायची की नाही हे ठरताना कव्हरचा काडीचा उपयोग नाही. बॅग उघडल्यावर मात्र ते तुमच्याविरुद्ध साक्ष देणार. एवढं साधं गणित ज्याला सुटलं नाही तो सल्ले देतोय!

किंडलचं कलमही असंच हवेतलं. न्यूझीलंडचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण ‘असली बंदी हुकूमशाही देशांत असते’ असंही पत्रात जाता जाता म्हटलंय. २०१९ च्या मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झालं, आणि हल्लेखोराने पसरवलेला मजकूर तिथल्या मुख्य सेन्सॉरने आक्षेपार्ह ठरवला. जाणूनबुजून जवळ बाळगला तर १० वर्षांपर्यंत कैद. तो मजकूर मुळात फाइल म्हणूनच फिरला होता, आणि तिथल्या कायद्याच्या व्याख्येत संगणकातली फाइलही प्रकाशनातच मोडते. तिथल्या कस्टमला वाजवी संशय आला तर ते फोन उघडायला सांगू शकतात. पासवर्ड द्यायला नकार दिला तर ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड. ही बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, पण ‘फोनमध्ये असलं की पुस्तकच नव्हे’ हे तिथे चालायचं नाही.

किंडलबद्दल आणखी एक. २००९ साली हक्कांच्या भानगडीत अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परस्पर पुसून टाकली, त्यांत ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं. इतका चपखल विनोद मुद्दाम रचूनही साधला नसता. कागदी पुस्तकाची खरेदी रोखीत होते आणि विसरली जाते. किंडलवर काय, कधी घेतलंत याची नोंद तुमच्या नावावर बसून राहते.

विमान बदलण्याचं कलम दोन ओळींत संपतं. विमानतळाचा ‘आंतरराष्ट्रीय विभाग’ कुठल्याही देशाबाहेर नसतो. १९९६ साली अमूर विरुद्ध फ्रान्स या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलं होतं. त्यातून विमान चुकलं, रात्र काढायला बाहेर पडावं लागलं, की सामानासकट रांगेत उभे!

यादीचं म्हणाल तर ढकलपत्राने नमुन्यादाखल दिलेल्या यादीतच जर्मनीपुढे हिटलरचं आत्मचरित्र लिहिलंय. जर्मनीत त्याच्या जुन्या प्रती बाळगणं हा गुन्हा कधीच नव्हता. बव्हेरिया राज्याकडे प्रकाशनाचे हक्क होते, ते नव्याने छापू देत नव्हते. २०१५ संपताना हक्कांची मुदत सरली आणि पुढच्याच महिन्यात टीपांसह अभ्यासकी आवृत्ती दुकानात आली. आणि याद्यांच्या भरवशाचं काय सांगायचं? भारतात ‘सॅटॅनिक व्हर्सेस’च्या आयातीवर १९८८ साली कस्टमच्या अधिसूचनेने बंदी आली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, तेव्हा ती अधिसूचना कुणालाच सापडेना. शेवटी छत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असं गृहीत धरलं. बंदी घालणाऱ्याला स्वतःचा कागद सापडत नाही, तिथे इंटरनेटवरच्या यादीवर भिस्त ठेवून कोण बॅग भरणार?

‘परदेशी माणसाला अटक होत नाही.’ इथे माझा आवाज चढला होता, भाची साक्षीदार आहे.

जो गॉर्डन हा थायलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन नागरिक. कोलोरॅडोत राहत असताना त्याने थायलंडच्या राजावरच्या, थायलंडमध्ये बंदी असलेल्या ‘द किंग नेव्हर स्माइल्स’ या चरित्रातल्या काही भागांचं थाई भाषांतर इंटरनेटवर टाकलं. अमेरिकेत, स्वतःच्या घरात बसून. पुढे तो उपचारांसाठी थायलंडला गेला आणि २०११ च्या मे महिन्यात पकडला गेला. गुन्हा कबूल केल्यावर पाच वर्षांची शिक्षा अडीचवर आली. राजाची माफी मिळून तो सुटला २०१२ च्या जुलैमध्ये. अमेरिकेचा पासपोर्ट होता, अमेरिकी दूतावासही होता. तरी चौदा महिने गेले. त्याने भाषांतर केलं होतं, नुसतं पुस्तक नेलं नव्हतं, हे खरंच आहे. आणि सगळीकडे असं होतं असंही मी म्हणत नाही, बहुतेक ठिकाणी जप्तीवरच भागतं. पण पत्रात ‘बहुतेक’ हा शब्द नाही, ‘होत नाही’ असं आहे.

दूतावास काय करू शकतो हे १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे. ३६ व्या कलमाप्रमाणे तुम्ही अटकेत असाल तर दूतावासातला माणूस भेटू शकतो, पत्र देऊ-घेऊ शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. सोडवण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही. उलट ५५ वं कलम त्या अधिकाऱ्यालाच यजमान देशाचे कायदे पाळायला सांगतं. हाँगकाँगचे प्रकाशक ग्वी मिनहाय स्वीडनचे नागरिक. २०१८ च्या जानेवारीत ते चीनमध्ये रेल्वेने चालले होते आणि दोन स्वीडिश राजनैतिक अधिकारी त्यांच्या सोबत होते. त्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांना गाडीतून नेलं, आणि २०२० मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. दूतावास शेजारच्या सीटवर बसलेला असताना ही गत.

राहिलं ते भेट देण्याचं. ढकलपत्रात याच्यापुढे हसरा चेहरा काढलाय. कव्हरचा सल्ला मूर्खपणाचा आहे, पण त्यात निदान मूर्खपणाची किंमत मूर्खपणा करणाराच मोजतो. इथे ती दुसऱ्याने मोजायची आहे. तुम्ही विमानात बसता, घरी येता, ‘तिकडे एक पुस्तक पेरून आलो’ म्हणून सांगत सुटता. पुस्तक तिथेच राहतं, कुणाच्या तरी कपाटात, बहुधा तुमच्या सहीसकट. त्या माणसाकडे परतीचं तिकीट नसतं.

जेफ्री फाउल नावाचा अमेरिकन पर्यटक २०१४ साली उत्तर कोरियात गेला आणि चोंगजिनमधल्या एका क्लबात बायबल ठेवून आला. कुणाला तरी सापडावं म्हणून, चांगल्या हेतूने. त्याला पकडलं, सुमारे सहा महिने डांबलं आणि ऑक्टोबरमध्ये सोडलं. जगभर बातमी झाली ती त्याच्या सुटकेची. ते बायबल ज्या कामगाराच्या हाती लागलं असतं, त्याचं पुढे काय झालं असतं याचा विचार करताना मला तरी कुणी दिसलं नाही.

एखाद्याला ते पुस्तक हवंच असेल तर तो मागेल. धोका काय आहे हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. न मागता हातात देणं म्हणजे त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेणं. पुस्तकांवर बंदी घालणारेही हेच करतात, म्हणून तर मला त्यांचा राग येतो.

भाचीने कव्हर काढलं. चिकटपट्टी ओढताना ते मधोमध फाटलं. पुस्तक आता माझ्याकडे आहे. जाण्याआधी लागतील ती प्रकरणं ती इथेच वाचून जाणार आहे, आणि अभ्यासकांना ते पुस्तक परवानगीने बघायला मिळतं का, अशी मेल तिने तिथल्या विद्यापीठाला टाकली आहे. अजून उत्तर नाही.

ज्या काकांनी हे ढकलपत्र ग्रुपवर टाकलं त्यांना मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, “आलं तसं पुढे पाठवलं.” त्यांच्या पासपोर्टची मुदत संपून चार वर्षं झाली आहेत.