‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ हा मेसेज पुढं पाठवण्याआधी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज मी तीनदा वाचला. त्यातलं म्हणणं असं: प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, कॅन्सरला चाकू लावू नका, हवा लागली की तो पसरतो. हाडात गेला असेल तर सगळं संपलं, पैसे घालवू नका. आणि वृषण काढायला सांगणारा डॉक्टर लुटारू. राधानगरीकडच्या माझ्या मामांनी हे खरं मानून बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणं, दोन महिने पुढं ढकलली, म्हणून लिहितोय.

हवा लागून कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीच्या सुईच्या वाटेवर पेशी रुजणंही फारच दुर्मीळ. मग लोक सांगतात तो अनुभव खोटा का? अनुभव खरा असतो, अर्थ चुकीचा लावलेला असतो. आपल्याकडं ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ म्हणजे बहुतेक वेळा दुर्बिणीतून लघवीची वाट मोकळी करणं. त्यात ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. खोबरं खरवडलं तरी करवंटी राहते, तशी बाहेरची बाजू तिथंच राहते, आणि कॅन्सर बहुधा त्याच बाजूला सुरू होतो. काही वर्षांनी तो निघाला की गल्लीत बोललं जातं, ‘‘चाकू लागला आणि उठलं बघा.’’ कॅन्सरसाठी करतात ते ऑपरेशन वेगळं. त्यात अख्खी ग्रंथी शुक्राशयांसकट काढतात.

‘हाडात गेला की संपलं’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. मामांच्या बोन स्कॅनची फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली होती. अख्ख्या सांगाड्यावर दोन काळे ठिपके, एक कमरेच्या मणक्यात, एक उजव्या खुब्याजवळ. यकृत, फुप्फुसं मोकळी असल्याचं वेगळ्या तपासणीत दिसलं. असे दोन-तीन ठिपके आणि अंगभर पसरलेला आजार यांत डॉक्टर फरक करतात, आणि तो नुसता धीर देण्यापुरता नसतो. ‘स्टॅम्पीड’ या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत 2061 रुग्ण होते. सगळ्यांना हार्मोन कमी करणारे उपचार होतेच, निम्म्यांना त्यासोबत प्रोस्टेटवर रेडिएशन दिलं. 2018 साली निकाल आला. सगळे रुग्ण एकत्र धरले तर आयुष्यात फरक नव्हता, पण आजार कमी पसरलेल्यांमध्ये तीन वर्षांनी हयात असलेले 100 पैकी 73 वरून 81 झाले. म्हणजे मूळ जागेवर उपचार करण्यात अर्थ आहे.

‘‘मग काढूनच टाकूया की,’’ मामेभाऊ म्हणाला. इथं मेसेजच्या उलट टोकालाही जाऊ नये. थोड्या पसरलेल्या आजारात ग्रंथी काढून आयुष्य वाढतं का, यावरच्या चाचण्या लहान आहेत. काहींचे निकाल आशादायक आहेत, पण रेडिएशनइतका भक्कम पुरावा ऑपरेशनच्या बाजूनं अजून नाही. ऑपरेशननंतर लघवी न थांबण्याचा, ताठरता जाण्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून रोबोटनं करू म्हणून कुणी शेत विकायला निघालं असेल, तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांचंही मत घ्या. मामांनी लाईट, म्हणजे रेडिएशनच, घेतली, चार आठवडे. त्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून बाकावर बसून मोजून पाणी प्यायचे.

राहिलं वृषणांचं. प्रोस्टेटचा कॅन्सर मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या पुरुषी हार्मोनवर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं, 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ते हार्मोन तोडायला एकतर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शनं, कायमची, नाहीतर वृषण काढण्याचं, एकदाच होणारं हे छोटं ऑपरेशन. खर्चात ऑपरेशन स्वस्त पडतं, मग लूट कसली? आता त्याच्या जोडीला ॲबिराटेरोनसारख्या गोळ्याही देतात. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मामांनी वृषणांचं ऑपरेशन निवडलं, दर वेळी राधानगरीहून इंजेक्शनला येणं जमणार नव्हतं. आता मधेच दरदरून घाम फुटतो, थंडीतही पंखा लावायला सांगतात. असं होईल हे डॉक्टरांनी आधीच मामींना बसवून सांगितलं होतं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवणारी रक्ताची तपासणी, दाखवायला पुढच्या महिन्यात यायचंय.